मागच्या सीटवरची पाई

आमच्या थॉर्नक्लो गावात भाड्याच्या गाड्या दोन जातीच्या. एक काळी टॅक्सी. ती स्टँडवर उभी राहते, रस्त्यात हात केला तर थांबते, आणि तिच्या ड्रायव्हरला जगातल्या प्रत्येक विषयावर मत असतं. दुसरी खासगी गाडी. तिला हात केला तर तिने थांबायचं नाही. तुम्ही पावसात उभे असा, पाय मुरगळलेला असो, गाडी रिकामी असो आणि ड्रायव्हर तुमचा सख्खा शेजारी असो. आधी तिच्या ऑफिसला फोन, तिथे बुकिंग, मगच तीच गाडी त्याच जागेवरून तुम्हाला घेऊन जायला मोकळी. नियम गावच्या कौन्सिलचा आहे आणि आम्ही उत्तर इंग्लंडातली, लँकेशरची माणसं तो धर्मासारखा पाळतो. खरं तर धर्मापेक्षा जास्तच. चर्चमध्ये आम्ही नाताळात जातो, टॅक्सी मात्र वर्षभर लागते.

हा नियम मोडणाऱ्यांचा निवाडा करायला कौन्सिलची लायसन्स समिती आहे आणि मी तिच्यावर आहे. ज्या बैठकीत माझी नेमणूक झाली त्या बैठकीला मी गैरहजर होतो. आमच्याकडे नेमणुका अशाच होतात. अध्यक्ष म्युरिएल टॅटरसॉल बाई. तिसरे सभासद ओकेनडेन यांना कमी ऐकू येतं, त्यामुळे ते सर्वांत निःपक्षपाती समजले जातात.

त्या दिवशी आमच्यासमोर गुल्फराज होता. खासगी गाडी चालवतो. बाप पाकिस्तानकडच्या मिरपूरहून इथल्या सूतगिरणीत आला, हा इथेच जन्मला, आणि याची बोली माझ्या बोलीपेक्षा पक्की लँकेशरी आहे. त्याच्याविरुद्ध तक्रार होती की तो दर शुक्रवारी सकाळी चॅपलच्या कोपऱ्यावर, बुकिंग नसताना, हात दाखवणारा एक प्रवासी उचलतो. तक्रार खरी ठरली तर ड्रायव्हरचा बिल्ला, म्हणजे लायसन्सच, जाणार. बिल्ला गेला की आसपासच्या चार गावांतलं एकही ऑफिस त्याला दारात उभं करणार नव्हतं. गुल्फराजला गाडी चालवण्याखेरीज दुसरं काही येत नाही, आणि हे तो स्वतःच सांगतो.

तक्रारदार डेझमंड हारग्रीव्ह्ज. काळी टॅक्सी. याच्याइतका नियमाचा माणूस मी पाहिलेला नाही. एकदा त्याच्या टॅक्सीवरचा दिवा गेला, तर दुरुस्त करून आणेपर्यंत त्याने स्वतःविरुद्ध कौन्सिलकडे तक्रार देऊन ठेवली होती. गाडीत कोणी बसलं की मीटर पाडायचं, हे त्याचं ब्रीद. बसणारी त्याची जन्मदात्री आई असली तरी.

“फोटो आहे माझ्याकडे,” डेझमंड म्हणाला. “स्टँडवरून काढलाय. स्वच्छ दिसतंय.”

फोटोत पाऊस स्वच्छ दिसत होता. बाकी गुल्फराजची चंदेरी गाडी, तिचा नंबर, आणि मोहरीच्या रंगाचा लांब रेनकोट घालून गाडीत शिरणारं कोणीतरी. टोपी नाकापर्यंत ओढलेली, हातात पिशवी.

“प्रवासी पुरुष की बाई?” टॅटरसॉल बाईंनी विचारलं.

“रेनकोट आहे,” डेझमंड म्हणाला. त्याला न दिसलेलं तो कधीच सांगत नाही.

“मिस्टर गुल्फराज, बुकिंग होतं?”

“नव्हतं, मॅडम.”

कौन्सिलचा अधिकारी व्हिटल नावाचा तरुण आहे. त्याने नियमांच्या पुस्तकातून डोकं वर काढलं. इतक्या लवकर कोणी कबूल केलं की त्याचा हिरमोड होतो.

“प्रवासी कोण होता?” त्याने विचारलं.

“ते नाही सांगता येणार.”

“का?”

“शब्द दिलाय.”

“अरे बाबा,” मी म्हणालो, “त्या माणसाने येऊन दोन वाक्यं तुझ्या बाजूने सांगितली तर तुझंच भलं होईल.”

“माहितीय, साहेब. पण ते माणूस इथे यायला नको म्हणूनच तर शब्द घेतला त्याने.” आणि तो मान खाली घालून टेबलावरच्या बिस्किटांकडे बघत बसला.

“भाडं किती घेतलंत?” टॅटरसॉल बाई.

“एक पैसा नाही, मॅडम. आईशप्पथ.”

इथे व्हिटल जरा सावरून बसला. भाडं नाही तर भाड्याची गाडी नाही, आणि भाड्याची गाडी नाही तर गुन्हा नाही. प्रकरण चहाच्या आत संपेल अशी मला आशा वाटू लागली. पण गुल्फराज खरं बोलणारा माणूस, आणि खरं बोलणाऱ्यांना कुठे थांबायचं ते कळत नाही.

“फक्त पाई मिळायची,” तो म्हणाला.

“काय?”

“पाई, मॅडम. बटाटा-कांद्याची. दर शुक्रवारी एक.”

व्हिटलने पान उलटलं. “वस्तुरूपाने घेतलेला मोबदला हाही मोबदलाच,” त्याने वाचून दाखवलं. डेझमंडने छाती पुढे काढली. ओकेनडेन यांनी “पाई” तेवढं ऐकलं आणि चहा आला का म्हणून दाराकडे पाहिलं.

आता बटाटा-कांद्याची पाई म्हणजे काय हे आमच्याकडे कोणाला विचारावं लागत नाही. शुक्रवारी मटण न खाणाऱ्या कॅथलिक घरांतून ती निघाली, बटाटा-कांद्यावरच्या भाजलेल्या पारीत लोणी इतकं असतं की डॉक्टर तिचं नाव काढत नाहीत, आणि गुल्फराजला ती चालते कारण मटणच नाही म्हटल्यावर हलाल की नाही हा प्रश्न उरत नाही. दोन धर्मांनी मिळून मंजूर केलेली आमच्या गावातली ती एकच गोष्ट.

“नोंदीसाठी विचारतो,” व्हिटल म्हणाला. “पाई केवढी? एका माणसापुरती की घरापुरती?”

“घरापुरती.”

“म्हणजे मोबदला भरीव होता.”

“कव्हर कसलं होतं वरचं?” मी विचारलं. हे नोंदीसाठी नव्हतं. मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं.

“काय सांगू साहेब!” गुल्फराजचा चेहरा प्रथमच उजळला. “असं खुसखुशीत, कडेला काट्याने दाबलेलं, आणि वर मधोमध त्याच पिठाचं कापून लावलेलं अक्षर. डी. मी एकदा विचारलं, आंटी, माझं नाव तर जी वरून सुरू होतं. तर म्हणाल्या, बाळा, किती वर्षं हाताला तेच वळण आहे, आता हात दुसरं अक्षर कापतच नाही.”

मग त्याने जीभ चावली. आपण “आंटी” म्हणालो हे त्याच्या लक्षात आलं होतं. पण त्याच्याकडे कोणी बघत नव्हतं. आम्ही सगळे डेझमंडकडे बघत होतो, कारण डेझमंडने फोटो पुन्हा हातात घेतला होता आणि तो डोळ्यांच्या इतका जवळ धरला होता की जणू रेनकोटच्या आत डोकावतोय.

“पिशवी माझी आहे,” तो म्हणाला.

“काय म्हणालात?”

“ती पिशवी. मीच दिली होती तिला. वाढदिवसाला.” मग उभा राहून, अगदी हळू, “मॅडम, मला तक्रार मागे घ्यायची आहे.”

टॅटरसॉल बाईंनी चष्मा काढला. “मिस्टर हारग्रीव्ह्ज, एकदा पटावर आलेली तक्रार मागे घेता येत नाही. हा नियम करावा म्हणून तुम्हीच गेल्या वर्षी अर्ज केला होता.”

“हो. चांगला नियम आहे,” डेझमंड म्हणाला आणि बसला.

शेवटी प्रवाशाला बोलावण्यासाठी सभा तहकूब झाली. आणायला डेझमंडच गेला. आम्ही चहा घेतला. गुल्फराजने बिस्कीट घेतलं नाही. “शब्द मोडला ना साहेब मी,” एवढंच म्हणाला. मी म्हटलं, तू कुठे मोडलास, पाईने मोडला.

विनिफ्रेड हारग्रीव्ह्ज बाई आल्या त्या मोहरीचा रेनकोट घालूनच. ऐंशी पार केलेल्या, ठेंगण्या, आणि नजर अशी की ओकेनडेनसुद्धा सरळ बसले. मागून डेझमंड, हातात ती पिशवी.

“कोणी केली रे तक्रार?” बाईंनी खुर्चीवर बसायच्या आधी विचारलं.

“मी, आई.”

“वाटलंच. दुसरं कोण करणार!” मग गुल्फराजकडे वळून, “आणि तू रे, गुल? सांगितलंस ना शेवटी?”

“आंटी, मी फक्त पाईचं सांगितलं.”

“झालं! म्हणजे सगळंच सांगितलंस.”

टॅटरसॉल बाईंनी घसा साफ केला. “मिसेस हारग्रीव्ह्ज, मुलाची टॅक्सी समोर स्टँडवर असताना तुम्ही खासगी गाडीला हात का करत होता?”

“कारण तो माझ्यावर मीटर पाडतो.”

“आई, नियमच आहे तो,” डेझमंड म्हणाला.

“तुला नऊ महिने पोटात घेऊन फिरले, तेव्हा मी मीटर पाडलं होतं का रे?”

यावर समितीकडे काही मार्गदर्शक सूचना नव्हत्या.

“आणि जायचं कुठे असायचं तुम्हाला?” मी विचारलं.

बाईंनी आधी मुलाकडे पाहिलं, मग छताकडे. “पोहायला. शुक्रवारी सकाळी तलावावर बायकांचा तास असतो. शिकतेय मी. याला सांगितलं असतं तर हा काठावर शिट्टी घेऊन उभा राहिला असता. चर्चच्या जुन्या कपड्यांच्या विक्रीतून हा रेनकोट मुद्दाम घेतला, याने ओळखू नये म्हणून.”

“पोहायला?” डेझमंडचा आवाज चिरकला. “आई, तुझ्या गुडघ्यांचं काय?”

“पाण्यात ते माझे नसतातच.”

व्हिटलने पेन आपटलं. तो मुलगा चांगला आहे, पण भावनेने त्याचा हात थांबतो आणि ते त्याला आवडत नाही. “मुद्दा मोबदल्याचा आहे. पाई देण्याचं आधी ठरलं होतं का?”

“ठरायला काय, सौदा होता का तो? पहिल्या दिवशी हा थांबतच नव्हता. काच खाली करून मला नियम सांगत होता, आंटी आधी ऑफिसला फोन करा म्हणून. मी म्हटलं, मी तुझ्यासमोर भिजतेय आणि फोन कोणाला करू? आणि बसले आत. उतरताना पाई पुढे केली तर घेईना. मग मी ती मागच्या सीटवर ठेवली आणि दार लावून निघून गेले. दर वेळी तसंच.”

“म्हणजे,” व्हिटल सावकाश म्हणाला आणि त्याच्या चेहऱ्यावर सकाळपासून प्रथमच समाधान दिसलं, “पाई हा मोबदला नाही.”

गुल्फराजने सुटकेचा श्वास घेतला.

“पाई म्हणजे प्रवाशाने गाडीत विसरलेली वस्तू. आणि विसरलेली वस्तू ड्रायव्हरने मूळ मालकाला परत करायची किंवा आमच्या कार्यालयात जमा करायची असते. मिस्टर गुल्फराज, तुम्ही त्या जमा केल्यात?”

“खाल्ल्या,” गुल्फराज म्हणाला.

“सगळ्या?”

“माझ्या मुलींनीही खाल्ल्या, साहेब.”

टॅटरसॉल बाईंनी डोळे मिटून घेतले. लोकांना वाटतं त्या अशा वेळी प्रार्थना करतात. त्या हसू दाबतात. डोळे उघडून त्या म्हणाल्या, “वस्तूचा मालक कोण हे वस्तूवरून कळत होतं का?”

“वर अक्षर होतं,” मी म्हणालो. “डी.”

सगळ्या खोलीने पुन्हा डेझमंडकडे पाहिलं. तो पिशवीचे बंद बोटांना गुंडाळत होता.

“मिस्टर हारग्रीव्ह्ज,” टॅटरसॉल बाई म्हणाल्या, “असं दिसतं की या माणसाने बराच काळ तुमच्या वाटच्या पाई खाल्ल्या आहेत. त्यासंबंधी तुमची काही तक्रार आहे?”

डेझमंड उभा राहिला. तक्रार करायला मिळावी आणि त्याने ती करू नये, असं गावात कधी घडलं नव्हतं. तो आईकडे वळला. आई खिडकीबाहेर बघत होती.

“माझं लग्न झालं तेव्हापासून मला एकही मिळाली नाही,” तो म्हणाला.

“तू मागितलीस का कधी?” आई खिडकीकडे बघतच म्हणाली. “शुक्रवारी संध्याकाळी येतोस, दाराची बिजागरी तेवढी तपासतोस आणि जातोस. करत होते मी. तू विचारायचा नाहीस. मग वाया का घालवायची?”

“तक्रार नाही, मॅडम,” डेझमंड म्हणाला. “खाऊ दे त्याला.”

समितीने एकमताने ठराव केला. ओकेनडेन यांचा हात चहासाठी वर होता, तो आम्ही अनुकूल धरला. गुल्फराजचा बिल्ला कायम. यापुढे बुकिंगशिवाय कोणालाही बसवू नये अशी लेखी समज. आणि गाडीत विसरलेली पाई त्याच दिवशी मालकाला पोचवावी. जाता जाता टॅटरसॉल बाईंनी व्हिटलला मीटरचा नियम वाचायला लावला. नियम असा निघाला की मीटर पाडायचं ते गाडी भाड्याने घेतली असेल तेव्हा. आई बसली की गाडी भाड्याने जाते असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. डेझमंडने ते पान स्वतः हातात घेऊन वाचलं. मग पुन्हा वाचलं. आयुष्यभर पाळलेला नियम आपण नीट वाचलाच नव्हता, हे त्याला त्या दिवसातल्या इतर सगळ्या गोष्टींपेक्षा जास्त लागलं असावं.

“मग आता माझ्या टॅक्सीतून येशील?” त्याने आईला जिन्यावर विचारलं.

“घरी सोड आत्ता. बघू दे आधी तुला जमतं का.”

मी मुद्दाम खिडकीशी जाऊन उभा राहिलो. काळी टॅक्सी स्टँडवरून निघाली. डेझमंडचा हात सवयीने मीटरकडे गेला, मधेच थांबला, आणि त्याला काय करायचं ते न सुचून त्याने वायपर चालू केले. ऊन पडलं होतं.

पण पोहायला बाई अजून गुल्फराजबरोबरच जातात. डेझमंड गाडीत गुडघ्यांविषयी बोलतो, म्हणून. त्यामुळे दर शुक्रवारी सकाळी डेझमंड स्टँडवर आपल्या काळ्या टॅक्सीत बसून खासगी गाडीच्या ऑफिसला फोन करतो आणि आईच्या नावाने रीतसर बुकिंग करतो. दुसऱ्या टॅक्सीवाल्यांनी यावर त्याला सळो की पळो करून सोडलं. तो म्हणतो, नियम म्हणजे नियम.

परत येताना गुल्फराज स्टँडपासून लांब गाडी उभी करतो, कारण स्टँडवर खासगी गाडी आणायची नाही. फडक्यात गुंडाळलेलं गरम भांडं दोन्ही हातांत धरून रस्ता ओलांडतो.

“हे घे,” म्हणतो. “गाडीत विसरलेली वस्तू.”

डेझमंड वरचं अक्षर तपासून घेतो. मग टॅक्सीच्या बॉनेटवर वर्तमानपत्र पसरून पाईचे दोन भाग करतो, अगदी अक्षराच्या मधोमध. त्या वेळात कोणी टॅक्सीला हात केला तर गिऱ्हाइकालाच वाट बघावी लागते. गेल्या शुक्रवारी मीच केला होता. मला एक तुकडा मिळाला. मीटर मात्र त्याने पाडलं.