भिंतीवरचे उलटे पितर

सकाळी अकराच्या आतच हिंगोलीकडच्या गोरेगावच्या रस्त्याने जीपगाड्या टपापर्यंत भरून येऊ लागल्या. कोणाच्या हातात नारळ, कोणाच्या कडेवर लेकरू. सगळ्यांना तांड्याच्या वरच्या अंगाला, खताच्या बंद पडलेल्या पत्र्याच्या गोदामात जायचं होतं. तिथे पितरबाबा मेलेली माणसं दाखवत होते. अंगात येणं नाही, अंगारा-धुपारा नाही. चक्क भिंतीवर चालती-हलती माणसं, रंगासकट! पांढरं धोतर, लाल पागोटं. फक्त ती उलटी दिसत. पाय वर, डोकं खाली.

"उलटेच दिसनार!" बाबा खुलासा करत. "आपलं वर ते त्यांचं खाली. तिकडं समदंच उलटं हाय. सुलटा दिसला तर समजा, माल बनावट हाय!"

लोक माना डोलवत. बनावट ओळखायची इतकी सोपी खूण फुकटात दुसरं कोण सांगणार? तीन वर्षांपूर्वी हेच बाबा आखाडा बाळापूरच्या बाजारात काळं दंतमंजन विकत होते. धंदा बदलला, बोलायची ढब तीच राहिली.

बाबांचे नियमही कडक. दार लागलं की डोळे मिटून आपल्या माणसाचं नाव एकशे आठ वेळा घ्यायचं. तोंड भिंतीकडेच ठेवायचं, मागे वळलं की पितर रुसतात. आभाळ आलं की पितर येत नाहीत, आणि दिवस कलल्यावर तर मुळीच नाहीत. भुतं अंधारात फिरतात असं जन्मभर ऐकलेल्या म्हाताऱ्यांनीही हे पितर भर उन्हातच का येतात, असं कधी विचारलं नाही.

पंचफुला आज आईला हाताला धरून घेऊन आली होती. ती सातवीत होती. तिचा बाप भावसिंग गेल्या साली हळदीची ट्रॉली उलटून गेला. मागून आई मोतीबाईला टीबी निघाला. सरकारी दवाखान्यातल्या गोळ्यांनी खोकला बसत आला होता, अंगावर थोडं मासही चढलं होतं. तेवढ्यात कोणीतरी तिला या गोदामात आणलं. भिंतीवरच्या नवऱ्याला तिने रडत विचारलं, "धनी, गोळ्या घिऊ का नको?" उलट्या पितराने मान हलवली. नको! त्या दिवसापासून गोळ्या बंद झाल्या. दोन महिने झाले होते, आणि आता थुंकीत रक्त पडत होतं.

पंचफुलाने आईपुढे हात जोडले, भांडली, रुसली. मोतीबाईचं एकच उत्तर, "तुझा बाप खोटं बोलंल का?"

खरं तर उलट्या पितरांचं ऐकलं तेव्हाच पंचफुलाच्या मनात पाल चुकचुकली होती. शाळेच्या लोखंडी पेटीत एक पुस्तक होतं. गुळगुळीत कागदाचं, पानोपानी रंगीत चित्रं. शनीची कडी, चंद्राच्या कला, यानात तरंगणारा माणूस. आणि उजेडाच्या पानावर एक खोकं. खोक्याला बारीक भोक, बाहेर सरळ झाड, आत तेच झाड उलटं. उत्तमसिंग गुरुजींनी ते पान नुसतं वाचून दाखवलं नाही. त्यांनी वर्गाच्या खिडक्यांना घोंगड्या लावल्या, एका घोंगडीला भोक पाडलं, आणि अंगणातला कडुलिंब आतल्या भिंतीवर उलटा उभा केला. पोरं किंचाळलीच.

"उजेड सरळ रेषेत चालतो," गुरुजी म्हणाले. "वरचा उजेड भोकातनं खाली जातो, खालचा वर. म्हणून उलटं. आता सुलटं बघायचंय? मंग तुमीच उलटे व्हा!"

सगळा वर्ग भिंतीकडे पाठ करून ओणवा झाला आणि पायांमधून झाड बघू लागला. एका बाजूला खांदा झुकलेले गुरुजी पोट धरून हसले, आणि सवयीप्रमाणे दोन्ही तळहात दोनदा झटकून बोटांवर फुंकर मारली. खडूची भुकटी उडाली. पंचफुलाला ते माणूस बापाइतकंच आवडायचं. घरी हळद शिजत होती त्या दिवशी तिच्या पिवळ्या अंगठ्याचा डाग त्या पानावर पडला, तेव्हाही ते रागावले नाहीत. "ऱ्हाऊ दे, हिंगोलीचा शिक्का हाय," म्हणाले.

दिवाळीनंतर पुस्तक दिसेना. "वाळवीनं खाल्लं," गुरुजी म्हणाले. आणि पितरांचं ऐकून ती विचारायला गेली, "गुरुजी, ते आपल्या लिंबाच्या झाडासारखं तर न्हाई?" तेव्हा ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "न्हाई गं. ते येगळं. आपल्याला समदंच कळतं काय?"

गुरुजी म्हणाले म्हणजे ते वेगळंच असणार. तिने विषय सोडून दिला.

आता गोदामाचं दार लागलं. आत उकाडा, घामाचा वास, एकशे आठ वेळा नाव. पंचफुलाने डोळे उघडले, तेव्हा ते अंधाराला सरावले होते. भिंतीच्या तळाला आभाळाची निळी पट्टी, वर तुराट्यांचं कुंपण, आणि मधोमध डोकं खाली करून उभा असलेला पितर. तोंड ओळखू येत नव्हतं. पण पांढरं धोतर आणि लाल पागोटं तर तिथल्या सगळ्यांच्याच बापांनी बांधलं होतं. गोदामभर रडणं फुटलं.

"आला गं! तुझा बाप आला!" मोतीबाईने तिचा हात दाबला.

पितराने आशीर्वादाचा हात उचलला. मग दोन्ही तळहात दोनदा झटकले, आणि बोटांवर फुंकर मारली.

पंचफुलाच्या बापाने जन्मात खडू धरला नव्हता.

ती उठली, भिंतीकडे पाठ केली, ओणवी झाली आणि पायांमधून पाहिलं. पितर सुलटा झाला. तोच एका बाजूला झुकलेला खांदा. ती ताठ झाली तेव्हा तिच्यासमोर, दाराशेजारच्या पत्र्यात, एक भोक लखलखत होतं.

"पोरगी मागं फिरली!" बाबा ओरडले. "पितर कोपतेत! बसवा तिला!"

तिने लोकांना ओलांडत जाऊन भोकावर तळहात ठेवला. भिंत काळी पडली. बायका किंचाळल्या.

"कोपले! बघा, गेले!" बाबा म्हणाले.

तिने हात काढला. पितर आले. बाहेरच्याला आतलं काहीच दिसत नव्हतं, आणि आतलं रडणं-ओरडणं त्याला रोजचंच होतं. तो बिचारा आशीर्वाद देत उभाच होता. तिने पुन्हा हात ठेवला, पुन्हा काढला. मागे कोणीतरी फिसकन हसलं.

"याडी," ती आईला म्हणाली, आणि आवाज फाटला, "माझ्या तळहातानं बापू जातो अन् येतो व्हय?"

मोतीबाई उठली. खोकत, भिंत धरत ती दाराशी गेली आणि तिने कडी काढली. तिच्या मागून सगळे बाहेर पडले. "बाबांची जागा" म्हणून जिथे कोणाला फिरकू देत नसत, त्या कुंपणात लाल पागोट्याखाली घामाघूम झालेले उत्तमसिंग गुरुजी उभे होते. पळायला दुसरी वाट नव्हती. शेजारच्या बाजेवर पुस्तक उघडं पडलं होतं. उजेडाचं पान. पानावर पिवळा अंगठा.

वाळवीने एक कोपरासुद्धा खाल्ला नव्हता.

बाबा तेवढ्यात पहिल्या जीपमध्ये चढून गेले होते.

"बदलीचं काम होतं," गुरुजी पुटपुटले. "बाबाकडं पुढारी येतेत. अन् लोकायला समाधान मिळून ऱ्हायलं होतं, पंचफुला. कोनाचं काय बिघडलं?"

मोतीबाई त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"मास्तर, म्या गोळ्याचं इचारलं. मान तुमीच हलवली व्हय?"

"बाबा आतनं पत्र्यावर ठोकायचा. दोनदा ठोकलं की 'नको'."

"पत्र्यातनं ऐकू येतंय सगळं. माझा आवाज वळखला न्हाई तुमी?"

गुरुजींनी पागोटं काढलं.

"वळखला," ते म्हणाले.

पंचफुलाने बाजेवरचं पुस्तक उचललं, आईचा हात धरला आणि त्या दोघी तडक हिंगोलीच्या जीपमध्ये बसल्या. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, चिडले, आणि गोळ्या पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू केल्या. बरी होईल म्हणाले, पण आधीइतक्या खात्रीने नाही म्हणाले.

पुढच्या रविवारी पंचफुलाने घरात घोंगडी लावली आणि भिंतीवर सगळा तांडा उलटा करून दाखवला. बघायला निम्मीच माणसं आली. बाकीच्यांचं म्हणणं, पोरीलाच काहीतरी लागलंय. जे आले त्यांना तिने एकेकदा भोकावर हात ठेवायला लावला. भिंतीवरच्या उलट्या कडुलिंबाचं काय झालं, उलट्या बकरीचं काय झालं, ते त्यांचं त्यांनी बघितलं.

तुमच्याही गावात कोणी भिंतीवर, पाण्यात किंवा आरशात देव दाखवत असेल, तर हात जोडायच्या आधी उजेड कुठून येतोय ते शोधा आणि तिथे तळहात ठेवून बघा. मागे वळायची मनाई असेल, तर आधी मागेच वळा. आणि औषध बंद करायला सांगणारा कोणीही असो, त्याचं ऐकू नका. पंचफुलाने यात आणखी एक गोष्ट जोडली, ती त्या पुस्तकात कुठेच नव्हती: ज्याने आपल्याला शिकवलं, त्याचंही म्हणणं तपासून बघायचं. हे सांगताना मात्र ती रडली.