सरवा वेचणाऱ्या तिघी

मित्रांनो, मी एक जुने चित्र आहे, आणि तेही छापील. मूळ चित्र फार पूर्वी फ्रान्समध्ये रंगवले गेले. मी मुंबईच्या एका छापखान्यात जन्मले. हिरवी शाई जरा सैल सुटल्यामुळे माझ्यातले फ्रान्स मुरबाडसारखे दिसते. शहापूरच्या बाजारात मला चौकट मिळाली आणि सिद्धगडाकडच्या एका शाळेत खिळा.

माझ्यात तीन बाया आहेत. कापणी झालेल्या शेतात त्या वाकून सांडलेल्या ओंब्या, म्हणजे सरवा, वेचतात. लांब मागे घोड्यावर एक माणूस आहे.

चित्रकलेचे ज्ञानेश्वर गुरुजी दरवर्षी माझा अर्थ सांगत. पहिली बाई श्रद्धा, दुसरी सबुरी, तिसरी नम्रता. घोडेस्वार म्हणजे काळ. मुले वहीत उतरवून घेत, पाहुणे मान डोलवत. माझ्या बायांना एवढा मान मिळतो याचा मला फार अभिमान वाटे.

शाळा झाडायला गावाबाहेरच्या वाडीतली हिरी येई. माझी काच पुसताना ती एकदा म्हणाली, "गुरुजी, ह्या सरवा वेचतात. आमी भाताचा वेचतो, ह्या कशाचा?"

"गव्हाचा. पण अर्थ तो नव्हे, हिरीबाई."

"आन् घोड्यावरचा?"

"तो काळ."

"मालक असंल. मालकच असा लांबून बघतो."

मला हसू आले. अडाणी बाई, मी मनात म्हटले.

इथली रीत अशी, की शेवटचा भारा खळ्यावर गेल्याशिवाय सरव्याला कोणी शेतात शिरायचे नाही. यंदा हिरी जयरामशेठच्या शेतात शिरली, तेव्हा बांधाआड एक भारा राहिला होता. तिला तो दिसला नाही. जयरामशेठ शाळेच्या समितीचे अध्यक्ष. त्यांनी तिला गाठोड्यासकट माझ्यासमोर, खुर्चीत बसलेल्या गुरुजींपाशी, उभे केले.

"चोरी करनारी बाई शालंत नको," ते म्हणाले.

"भारा दिसला नाय, दादा. माजी लेक ललिता बाळंतीन हाय. तिच्या पेजेपुरतं वेचलं."

"समद्या असंच सांगतात."

हिरीने माझ्याकडे बोट केले. "ह्यांना कोन चोर म्हनतो का?"

"त्या फ्रान्सच्या हायेत."

"त्या प्रतीक आहेत," गुरुजी खाली बघत म्हणाले.

"मंग मीपन त्येच हाय असं सांगा ना, गुरुजी. तुमाला तर येतं सांगाया."

गुरुजींना सांगता येत होते. वीस वर्षे ते तेच सांगत होते. त्यांनी हजेरीपट उघडला.

जयरामशेठनी गाठोडे आपल्या पोत्यात रिकामे केले. थोडे दाणे फरशीवर सांडले. "वेच," ते म्हणाले. "सरवा हाय तुजा."

हिरी वाकली. तिचा हात पोचावा म्हणून गुरुजींनी पाय वर उचलून घेतले. मूठभरही दाणे झाले नाहीत. तेवढे तिने पदरात बांधले आणि ती गेली. पुन्हा आली नाही.

पुढच्या आठवड्यात पाहुणे आले. गुरुजींनी अर्थ सांगितला. श्रद्धा, सबुरी, नम्रता. आवाज जरासुद्धा कापला नाही.

मित्रांनो, मी वाकलेल्या बायांचे चित्र आहे, पण वाकलेली बाई मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. तुमची माझ्यासारख्या चित्राशी कुठे गाठ पडली, तर त्या बायांचा अर्थ विचारू नका. घरी जेवायचे कोण राहिले आहे, एवढे विचारा.