चौऱ्याहत्तर मीटरची रेघ

ब्रदर हेरॉन पाण्याबाहेर आले तेव्हा माझ्या बोटीवर वीस-बावीस शहाणीसुरती माणसं डोळे गच्च मिटून देवमाशाचा आवाज काढत होती. त्यात पाईक हार्बरच्या बँकेचे मॅनेजर होते, शाळेचा मुख्याध्यापक होता, आणि सर्वांत मोठ्याने हुंकारणारा माझा सख्खा धाकटा भाऊ एमेट होता. बोट चालवणारीने डोळे मिटायचे नसतात, एवढ्याच कारणावरून मला सूट मिळाली होती.

"उघडा डोळे, बाळांनो," शिडीला लोंबकळत ब्रदर म्हणाले. "अडेलाइडला भेटून आलो. तिने सगळ्यांना आशीर्वाद सांगितलेत."

अडेलाइड म्हणजे आमच्या ह्युरॉन सरोवरात बुडालेलं जुनं शिडाचं जहाज. ते पडलंय चौऱ्याहत्तर मीटर खाली, जिथे उन्हाळ्यातही पाणी बर्फाच्या पेटीसारखं असतं. तिथे जाणारे पाणबुडे चार-चार टाक्या बांधून जातात आणि वर येताना जागोजागी थांबत, तास-दीड तास काढून येतात. घाई केली तर रक्तात मुरलेली हवा सोड्याची बाटली उघडल्यासारखी फसफसते. त्याला बेंड्स म्हणतात. त्यात माणूस लुळा पडतो, नाहीतर मरतो. ब्रदर मात्र पाठीवर एकच टाकी बांधून गेले आणि वीस मिनिटांत हसत वर आले. वर आल्या आल्या त्यांनी एकेकाचा हात हातात घेतला.

"केवढा ऊबदार हात," मुख्याध्यापक गहिवरून म्हणाला. "हे तेज आहे, तेज."

बरं, ही नुसती थाप म्हणावी तर ब्रदरच्या मनगटावर आमच्या क्लबचा डाइव्ह कॉम्प्युटर होता. मनगटी घड्याळाएवढं हे यंत्र तुम्ही कधी, किती खोल होता ते सगळं टिपून ठेवतं. ते बिचारं कोकलत होतं. त्याच्या हिशोबाने हा माणूस आत्ता जिवंत नसायला हवा होता.

आमच्या गावात एक रिवाज आहे. शनिवार-रविवारी बुड्या मारून झाल्या की सगळं गाव माजी सैनिकांच्या हॉलमध्ये जेवायला जमतं आणि तळलेला मासा, बटाटे, बटर टार्ट असं पानात पडत असताना ज्याच्या त्याच्या कॉम्प्युटरमधली रेघ भिंतीवर मोठी करून दाखवतात. रेघ म्हणजे तुमच्या बुडीचं चित्र: इथे खाली गेलात, इथे रेंगाळलात, इथे वर आलात. कुणी थापा मारल्या की लोक ओरडतात, "तोंड बंद, रेघ दाखव." ज्याची रेघ सर्वांत वेडीवाकडी, तो भांडी घासतो. मी स्वतः आयुष्यभर नवशिक्यांना सांगत आलेय की माणसाचं ऐकू नका, रेघ बघा.

त्या शनिवारी भिंतीवर ब्रदरची रेघ उमटली. सरळ कड्यासारखी खाली गेलेली, तळाशी टेकलेली, आणि तशीच सरळ वर आलेली. चौऱ्याहत्तर मीटर. 

"कसं जमतं, ब्रदर?" बँक मॅनेजरनी विचारलं.

"मी पाण्यात जातच नाही, बाळा. पाणी माझ्यात येतं," ब्रदर म्हणाले. "देवमासा कुठे टाकी बांधतो? आइसलँडला एका म्हाताऱ्या देवमाशिणीने मला हा श्वास शिकवला. आणि हे कडं दिलं."

कडं तांब्याचं होतं. देवमाशिणीकडे अशी बरीच असावीत, कारण ब्रदरच्या गाडीत त्यांचं एक खोकं भरलेलं होतं. किंमत मुळीच नव्हती, फक्त ऐच्छिक देणगी. ती घ्यायला कार्डाचं मशीन होतं आणि ऐच्छिक आकडा त्यात आधीच भरलेला होता. हेरॉन म्हणजे बगळा. हे नाव या माणसाने स्वतःच घेतलंय, आणि आम्हां एवढ्या लोकांपैकी एकालाही त्यावर हसू आलं नाही.

मला तर हसू येणं शक्यच नव्हतं, कारण एमेटच्या मनगटावर कडं होतं.

एमेटला दोन वर्षांपूर्वी बेंड्स झाले. तेव्हापासून तो डावा पाय ओढत चालतो. आमच्या डॉक्टर थिबोबाईंनी त्याला स्पष्ट सांगितलं होतं, पुन्हा पाण्याखाली गेलास तर चाकांच्या खुर्चीतून घरी येशील, तेही नशीब असेल तर. मासा जमिनीवर ठेवावा तशी त्याची दोन वर्षं गेली होती. त्या दिवशी मात्र तो सतरा वर्षांच्या पोरासारखा चमकत होता.

"सोमवारी अडेलाइडवर जातोय," तो म्हणाला. "टाकी भरून ठेवलीय."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"ताई, रेघ बघितलीस ना?"

"बघितली."

"मग? रेघ खोटं बोलते का? तूच सांग."

माझंच वाक्य त्याने माझ्या तोंडावर मारलं होतं. मी रडकुंडीला आले आणि तशीच तडक थिबोबाईंच्या दारात जाऊन उभी राहिले.

थिबोबाईंना बोट लागते, पोहता येत नाही, आणि मूर्खपणा सोसत नाही. त्या अंगणात टोमॅटोला काठ्या बांधत होत्या. माझं सगळं ऐकून त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"तुमचं ते यंत्र मोजतं काय?"

"खोली."

"ती कशी? फूटपट्टी सोडतं?"

"नाही हो. पाण्याचा दाब मोजतं. दाबावरून खोली काढतं."

"कुणावरचा दाब?"

"ज्याने घातलंय त्याच्यावरचा."

"हेस्टर," त्या काठी खाली ठेवत म्हणाल्या, "माझा थर्मामीटर चहात बुडवला तर चहाला ताप आलाय असं मी म्हणेन का? यंत्र फक्त स्वतःपुरतं बोलतं. ते त्या वेळी त्या बगळ्याच्या हातात होतं, हे कुणी पाहिलं?"

मी आठवून बघितलं. कुणीच पाहिलं नव्हतं. सोबत कुणी उतरायचं नाही, त्याने ऊर्जा फाटते, असा ब्रदरांचा नियम होता. नितळ पाण्यात सात-आठ मीटरवरचा माणूस बोटीवरून सहज दिसतो, पण वरचे सगळे डोळे मिटून हुंकारत होते, आणि सुकाणूपासून बोटीच्या पोटाखालचं मला काही दिसत नव्हतं.

"मग आता?"

"उद्या पुन्हा चमत्कार आहे ना? मीही येते," बाई म्हणाल्या. "बादली तेवढी ठेव माझ्यासाठी."

रविवारी गर्दी दुप्पट होती. ब्रदरांनी फर्मावलं की आज यंत्र भक्ताचं हवं. एमेटने स्वतःचा कॉम्प्युटर काढला आणि लग्नातली अंगठी घालावी तसा त्यांच्या मनगटावर चढवला. टाकी मात्र माझ्या पाणबुड्यांच्या सामानाच्या दुकानातली होती. टाकीच्या बुडाला एक रबरी वाटी असते. तिच्यात मी सकाळीच माझा जुना कॉम्प्युटर कोंबून ठेवला होता. पाणी लागलं की तो आपला आपण सुरू होतो.

"माझ्या फुप्फुसांत सरोवर वाहतंय," काठावर बसून ब्रदर म्हणाले.

"त्याला न्यूमोनिया म्हणतात," बादलीतून तोंड वर काढून थिबोबाई म्हणाल्या आणि पुन्हा बादलीकडे वळल्या.

ब्रदर पाण्यात गेले आणि हुंकार सुरू झाला. बोट अशी घुमत होती की शेजारून जाणाऱ्या कोळ्याने इंजिन बिघडलं का म्हणून विचारलं. वीस मिनिटांनी ब्रदर वर आले आणि सर्वांत आधी त्यांनी एमेटचे हात हातात घेतले. एमेटचे डोळे भरून आले. त्याचं यंत्र कोकलून कोकलून शेवटी रुसलं होतं आणि आता दोन दिवस बुडीचा सल्ला देणार नाही असं सांगत होतं.

टाकी उतरवून घेताना मी बुडाच्या वाटीतला माझा कॉम्प्युटर गुपचूप खिशात टाकला. हॉलमध्ये मासा वाढला गेला. भिंतीवर एमेटच्या यंत्रातली रेघ आली: कडा खाली, कडा वर, चौऱ्याहत्तर. लोक खुर्च्यांवर उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. कडं घेणाऱ्यांची रांग दारापर्यंत गेली. मी अजून माझी रेघ पाहिली नव्हती. ती रिकामी निघाली असती तर उद्या माझा भाऊ गेला असता.

"थांबा," मी म्हणाले. "अजून एक रेघ आहे."

भिंतीवर दुसरी रेघ आली. ती सहा मीटर खाली गेली, तिथे टेबलासारखी सपाट पसरली, वीस मिनिटं हललीच नाही, आणि वर आली.

"ही कुणाची पडीक बुडी?" मागून कुणीतरी ओरडलं. "भांडी याला द्या."

"ब्रदरांच्या टाकीची," मी म्हणाले. "वेळ बघा. त्याच मिनिटाला उतरलीय, त्याच मिनिटाला वर आलीय."

ब्रदर मात्र डगमगले नाहीत. "बाळांनो, देह सहा मीटरवर होता. मी खाली होतो."

"आणि टाकी देहापाशीच होती?" थिबोबाईंनी विचारलं. जमिनीवर पाय टेकल्याने त्यांचा रंग परत आला होता.

"अर्थात."

"मग तोंडातली नळी अडुसष्ट मीटर लांब असेल. दाखवता का?"

सर्वांत आधी हसले ते बँक मॅनेजर, आणि स्वतःच दचकले. मग एकेक करत सगळी टेबलं हसत सुटली. बाईंनी ब्रदरांच्या जाकिटाचा खिसा उघडायला लावला. आत बारीक दोरीची फिरकी होती आणि दोरीच्या टोकाला शिशाचं वजन. फिरकी बऱ्याच पाणबुड्यांकडे असते, त्यामुळे ती पाहूनही आम्हांला कधी काही वाटलं नव्हतं. पण या गावात प्रत्येकाने कधी ना कधी गळ सोडलेला आहे. पुढचं कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

"यंत्र मनगटावरून काढलं, दोरीला बांधलं, सोडलं तळाला," मुख्याध्यापक सावकाश म्हणाला. "आणि हा बाबा बोटीच्या पोटाखाली बसून राहिला. वर आम्ही हुंकारतोय."

"मी तर सुरात हुंकारत होतो," बँक मॅनेजर म्हणाले, आणि मग हॉलमध्ये जे हसणं सुरू झालं त्यात कोबीची कोशिंबीर सांडली, एक खुर्ची मोडली, आणि कुणीतरी पुन्हा देवमाशाचा आवाज काढल्यावर माझ्या पोटात कळ आली. घेतलेली देणगी परत करणंही त्या कार्डाच्या मशीनला बरोबर येत होतं. रांग तीच होती, फक्त उलट्या बाजूने चालली. संध्याकाळ व्हायच्या आत ब्रदरांची गाडी गावातून नाहीशी झाली.

फक्त एमेट हसत नव्हता. तो भिंतीवरच्या दोन रेघांकडे बघत बसला होता. त्याला ते सगळं खरं असायला हवं होतं, आणि ते मी त्याच्याकडून काढून घेतलं होतं. मला फार वाईट वाटलं.

"उद्या मी जाणार आहेच," तो म्हणाला. "अडेलाइडवर. बोटीतून. तू चल."

सोमवारी आम्ही दोघं आणि थिबोबाईंची बादली, थिबोबाईंसकट, जहाजाच्या बरोबर वर जाऊन उभे राहिलो. एमेटने खिशातून कागदात गुंडाळलेला कालचा तळलेला मासा काढला. त्याला तांब्याचं कडं घातलं, शेजारी स्वतःचा कॉम्प्युटर आणि शिसं बांधलं, आणि दोरी सोडली. थोड्या वेळाने ती हाताने ओढून घेतली. रुसलेल्या यंत्राने रेघ मात्र इमानाने टिपली होती: कडा खाली, तळाला टेकणं, कडा वर.

"डॉक्टरबाई, तपासा," तो म्हणाला.

बाईंनी माशाला दोन बोटांनी दाबलं. "बेंड्सचं एकही लक्षण नाही," त्या म्हणाल्या. "पण पाण्यात जायच्या आधीच गेलेला दिसतो."

एमेट तेव्हा हसला. डेकवर मांडी घालून, दुखरा पाय लांब करून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसला. मग ते पाणी थांबेना, आणि मी त्याच्याजवळ जाऊन बसले.

"रेघ खरीच होती ग, ताई."

"खरीच होती. पण ती तुझ्या यंत्राची होती. त्या माणसाची नव्हती."

त्याने तळाहून आलेलं यंत्र माझ्या गालाला लावलं. ते इतकं गार होतं की मी किंचाळले.

"बघितलंस?" तो म्हणाला. "आणि त्याचा हात ऊबदार होता. दोन्ही दिवस. मी स्वतः धरला होता."

वाचकहो, चमत्कार दिसला तर टाळ्या वाजवायला माझी काही हरकत नाही. माणसाला आनंद हवा असतो, आणि आशा तर हवीच असते. पण यंत्राने सांगितलं, आकड्याने सांगितलं, भिंतीवर दिसलं, म्हणून जीव धोक्यात घालायला निघू नका. हे नेमकं काय मोजलं गेलं, आणि त्या वेळी तो माणूस कुठे होता, एवढं विचारा. कुणी डोळे मिटायला सांगितलं तर एक तरी उघडा ठेवा. आणि तळाहून आलो म्हणणाऱ्याने हात पुढे केला, तर तो धरताना गार आहे का तेवढं बघा.