सगाईचा गूळ

"ज्या सगाईविरुद्ध बोलायचं, तिथला गूळ तोंडात टाकू नको," तांड्यातल्या म्हाताऱ्या सोनीबाईंनी मला आधीच सांगितलं होतं. त्यांना आम्ही सगळे याडी, म्हणजे आई, म्हणतो. मी हसण्यावारी नेलं. याडी, आता कायदा आहे, म्हटलं, गुळाला कोण विचारतं?

दारव्ह्याजवळच्या आमच्या तांड्यात सगाई ठरली की घरोघर गूळ वाटतात. खाल्ला म्हणजे तुमची संमती. शेजारच्या हिरासिंगनं ममताची सगाई केली तेव्हा ती पंधरा वर्षांची, नववीत. तिची आई गूळ घेऊन दारात आली. माझी लेक कडेवर रडत होती. अर्धा खडा मी खाल्ला, अर्धा तिच्या तोंडात दिला. पुढे तांड्याच्या बैठकीत बोलायचंच आहे, दारात उगाच वाईटपणा कशाला, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी ममता आली. "भाभी, मले शिकायचं हाये. तुमी कॉलेज केलं, तुमी बोला ना."

बैठकीत मी बोलले. कलमं, शिक्षा, सगळं पाठ केलं होतं. तांड्याचे प्रमुख, नायक उत्तमसिंग यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"सूनबाई, गूळ खाल्लता का?"

"अर्धा खडा," मी म्हणाले.

"पोरीलेही चारला," मागून कोणीतरी ओरडलं. "तिचंही मत मोजा!"

सगळे हसले. मी खाली बसले. ममता खांबाआडून माझ्याकडेच बघत होती.

मग सोनीबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. अशा बैठकांमध्ये त्यांचं अर्धं आयुष्य गेलंय.

"नायक, मले शुगर हाये. म्या गूळ खाल्ला नाई. माही जीभ मोकळी हाये."

"तुले बरी दर सगाईले शुगर होते!"

"होते. डॉक्टरले इचार." हसू ओसरेपर्यंत त्या थांबल्या. कायद्याचं नावही काढलं नाही. "हिरासिंगचा शब्द मोडा, असं म्या म्हणत नाई. शब्द राहू द्या, तारीख हलवा. पोरगी अठराची झाली की तिलेच इचारा. तवर शाळा. पण हे हिरासिंगच्या तोंडून येऊ द्या. बापाचा मान बापापाशी राहू द्या."

हिरासिंगनं खांबाआडच्या ममताकडे पाहिलं. मग म्हणाला, "थांबतो तीन वर्सं."

टाळ्या झाल्या. परतताना सोनीबाई म्हणाल्या, "टाळ्या कायच्या वाजवून राह्यले? आता तीन वर्सं पोरीवर नजर ठेवा लागते. म्या थकली, बाई. तू ठेव."

मी ठेवली. रोज सकाळी तिचं दप्तर दिसलं की जीव भांड्यात पडायचा. मग जूनमध्ये हिरासिंगनं तिला पांढरकवड्याला आत्याकडे धाडलं. तिथली शाळा चांगली म्हणे. सोनीबाईंची शुगर खरीच होती. पायाची जखम भरत नाही, त्या खाटेवरून उठत नाहीत. रोज एकच विचारतात, "भेटली का?"

फोन आत्याच उचलते. ममता शाळेत गेली, म्हणते. लेकीला घेऊन मी एकदा जाऊनही आले. चहा मिळाला, ममता शाळेत होती. तो रविवार होता. काल मुलांच्या हेल्पलाइनला कळवलं. पण आत्या आता माझा चेहरा ओळखते, मला पुन्हा दारातूनच परत पाठवेल.

हे वाचणाऱ्या तुम्हाला मी ओळखत नाही. हायवेवर टायरची दुकानं आहेत, त्यांच्यामागे आत्याचं निळ्या दाराचं घर. पांढरकवड्याला जाणं झालं तर एवढं करा: ममताला भेटा, आत्या समोर नसताना विचारा, शाळेत जातेस का? आणि त्या घरात कोणी गूळ पुढे केला, तर खाऊ नका.