मोजणी थांबते तेव्हा

या मित्रांनो, असे जवळ सरकून बसा. मी एक जुना बॉक्सिंगचा हातमोजा आहे, उजव्या हाताचा. आज तुम्हाला एका ठोशाची कथा सांगतो. कथेत रक्त आहे, पण भिऊ नका. ज्याने आपल्याला तोंड दिले त्यानेच कानही दिले. घटकाभर ते माझ्याकडे लावा.

एका म्हातारीने मला शिवले, पोटात घोड्याचे केस ठासून भरले आणि दातांनी दोरा तोडला. तिथून मी तालमीत आलो आणि धाकट्याच्या हातात बसलो. त्याला सगळे धाकटाच म्हणत, कारण थोरली बहीण सावलीसारखी त्याच्या मागे असे. माझी नाडी ताईच आवळायची. त्या वर्षांत मी नाके मोडली, ओठ फाडले, बरगड्या कडकडवल्या. लोक म्हणत, "काय हात आहे!" घामाने कुजायचो मी आणि कौतुक हाताचे! असो.

तालमीतल्या वस्तादांची एक शिस्त होती. समोरचा पडला, की लांबच्या कोपऱ्यात जाऊन मान खाली घालून उभे राहायचे. खेळाचा नियमही तोच आहे. उभा असलेला कोपऱ्यात पोचल्याशिवाय पंच आकडे मोजू लागत नाही, आणि दहा म्हणेपर्यंत पडलेला उठला नाही तर लढत संपली. वस्ताद तर वाळूचे पोते खाली आले तरी पोरांना कोपऱ्यात पिटाळत.

"वस्ताद, पोतं उठून मारणारेय का?" सगळे हसत.

"पोतं नाही उठत, माज उठतो," वस्ताद म्हणत. "पडलेला माणूस देवाच्या उंबऱ्यावर असतो रे. तिथं नाचू नये."

पुढे धाकट्याचा डावा डोळा अधू झाला. डॉक्टरांनी बजावले, आणखी एक जोराचा ठोसा बसला की हा डोळा गेला. इकडे बस चालवायची नोकरी ठरली होती आणि तिला दोन्ही डोळे हवेत. पण एका लढतीचा शब्द दिलेला होता. "एवढी शेवटची," तो ताईला म्हणाला. तिने माझी नाडी जरा जास्तच आवळली.

समोर होता भोंगा. हे त्याचे टोपणनाव, आणि अगदी शोभणारे. वजन करतानाच तो सुरू झाला. "ए धाकट्या, ताईला विचारून आलास ना? तिला म्हणावं, पेज करून ठेव. उद्यापासून तुला चमच्यानं भरवायचंय!"

"भुंकू दे," वस्ताद म्हणाले. धाकट्याने मान हलवली. पण मला ठाऊक होते, मित्रांनो. नंतर मला चढवले तेव्हा त्याची मूठ आत घट्ट आवळलेलीच होती.

पहिल्या फेरीत भोंग्याने त्याची भुवई फोडली. दुसऱ्या फेरीत त्याच जागी पुन्हा पुन्हा मारत राहिला. दातांवरच्या रबरी पट्टीतून पुटपुटत होता, "ताई बघतेय बरं का." रक्त धाकट्याच्या हनुवटीवरून माझ्यावर गळत होते. मी चिकट आणि जड झालो होतो. तिसऱ्या फेरीत भोंग्याचा हात किंचित खाली आला आणि मी सुटलो. जबड्याचे हाड माझ्या गादीखाली कट्कन वाजले. रबरी पट्टी उडाली. भोंगा लाकडाच्या ओंडक्यासारखा कोसळला.

"कोपऱ्यात!" ताई ओरडली.

धाकटा हलला नाही. भोंग्याचा गिळलेला शब्द न् शब्द उसळून वर आला. पडलेल्याच्या दोन्ही बाजूंना पाय रोवून त्याने मला उंच धरले. "बोल! आता बोल ना रे!" तो गर्जला आणि तिथेच थयथय नाचला. माणसे खुर्च्यांवर चढली. पंच कोपऱ्याकडे बोट दाखवत राहिला. त्याच्या तोंडून एकही आकडा निघेना. वस्ताद दोन्ही हातांनी रिंगणाच्या फळीवर थापा मारत होते. खाली भोंग्याची बुबुळे हळूहळू जागेवर येत होती.

शेवटी धाकटा मिरवत कोपऱ्यात गेला तेव्हा मोजणी सुरू झाली. नवाला भोंगा उभा होता.

पुढे एकच ठोसा. डाव्या डोळ्यावर. ओले फळ फुटावे तसा आवाज झाला, आणि धाकट्याबरोबर मीही रक्तात आपटलो.

आता भोंगा काय काय करील म्हणून लोक श्वास रोखून होते. त्याने पाठ फिरवली, तो लांबच्या कोपऱ्यात गेला आणि खांबाकडे तोंड करून उभा राहिला. दहा म्हणून झाल्यावर तो धावत आला आणि गुडघ्यांवर बसला.

"ताई, आधी डोळा बघा."

"जीभ आली का ठिकाणावर?" ताईने विचारले. बोलता बोलता ती माझी नाडी सोडत होती.

"जिभेचा धंदा समोरचा उभा असेपर्यंतच, ताई," तो फाटक्या ओठांनी म्हणाला. "पडलेल्यावर नाचायचं नाही, हे माझ्याही वस्तादांनी शिकवलंय."

डोळा गेला. धाकटा आज बसमध्ये तिकिटे फाडतो; गाडी दुसरा चालवतो. मी खिळ्याला टांगलेला आहे. कातडे तडकले आहे आणि पोटातले केस उंदरांनी नेले. जमलेच तर मला तेलाचे बोट लावा.

जिंकलात तर हसा, मित्रांनो, आपल्या माणसांना मिठी मारा. आनंद देवालाही आवडतो. पण जो खाली पडला आहे त्याला आधी उठू द्या. आणि हात उंचावण्याची घाई होईल तेव्हा माझ्या धाकट्याची आठवण ठेवा. तो वाईट नव्हता हो. चार पावले चालायचे तेवढे विसरला.