दुसरा हेडफोन

वसतिगृहात मला सगळ्या ‘चळवळ’ म्हणतात. घरी ठेवलेलं नाव आता फक्त हजेरीच्या वहीत उरलंय. नाव पडलं ते नोंदणीच्या दिवशी. विद्यापीठाच्या हिरवळीवर चाळीसेक टेबलं मांडलेली, प्रत्येक टेबलामागे कुणीतरी घसा फोडून ओरडतंय, आणि मी काय, बोलावलं की जाणारी! नाट्यमंडळ, गिर्यारोहण, रक्तदान, भित्तिपत्रक, वादविवाद. पाचव्या अर्जावर सही करताना पेन चालेना, तेव्हा कुठे थांबले. माझी रूममेट तेवढा वेळ माझी पिशवी, माझी छत्री आणि माझे पाच मंडळांचे कागद धरून शेजारी उभी होती. तिला कुणी विचारलं नाही. खरं सांगायचं तर मीही विचारलं नाही.

तिचं नाव पडलं ‘पाहुणी’. तीन महिने झाले तरी बाईसाहेबांचे कपडे कॉटखालच्या बॅगेतच. तिच्या कपाटाच्या खणात एक कंगवा आणि एक तेलाची बाटली, बस्स. दिवा लावायचा तरी विचारणार, “लावू का? तुला त्रास नाही ना?” अगं बाई, लाव की! खोली काय माझ्या वडिलांची आहे? पण नाही. मी संध्याकाळी खोलीवर आले की ती पुस्तक मिटायची, आणि मी सुरू व्हायचे. तालमीत कोण कुणावर चिडलं, डोंगरावर माझा पाय कसा मुरगळला, आमच्या अध्यक्षाला भाषणाच्या मधोमध उचकी कशी लागली. ती पोट धरून हसायची. मला वाटायचं, मजेत आहे पोरगी. माझ्यासारखी बडबडी मिळाल्यावर कुणाला एकटं वाटेल?

सहावं मंडळ मी कुणालाच सांगितलं नव्हतं, कारण तसा नियमच होता. विद्यार्थीच एक फोन चालवतात, रोज चार ते सात. ज्याला कुणाशी तरी बोलावंसं वाटतंय त्याने करावा. करणाऱ्याने नाव सांगायचं नाही, ऐकणाऱ्याने विचारायचं नाही. आपण तिथे बसतो हे रूममेटलासुद्धा सांगायचं नाही, म्हणजे फोन करणाऱ्याला भीती राहत नाही. जागा म्हणजे कॅरमच्या खोलीशेजारची एक चिंचोळी खोली. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून भिंतींवर अंड्यांचे रिकामे ट्रे चिकटवलेले. नवीन आलेल्याने पहिला महिनाभर बोलायचंच नाही. जुना माणूस बोलणार, नव्याने दुसरा हेडफोन कानाला लावून नुसतं ऐकायचं. त्या हेडफोनला माइकच नव्हता.

माझ्या वाट्याला आलेल्या जुन्या माणसाला सगळे आजोबा म्हणायचे. होता शेवटच्या वर्षाचाच, पण दोन शब्दांच्या मध्ये झोप काढून येईल असा बोलायचा. पहिल्याच दिवशी त्याने भिंतीवरचा कागद मला मोठ्याने वाचायला लावला. इथलं इथेच ठेवायचं. सल्ला द्यायचा नाही. ओळखीचा आवाज आला तर लगेच हेडफोन काढून बाहेर जायचं.

“जमेल ना?” त्याने विचारलं.

“त्यात काय न जमण्यासारखं आहे?” मी म्हणाले. माझी जीभ ही अशी.

मंगळवारी पावणेपाचला फोन वाजला. आजोबाने उचलला. पलीकडून आवाज आला, “मी... परत मीच. आता बोललं तर चालेल ना? तुम्हाला त्रास नाही ना?”

पाहुणीच! हेडफोन काढायला हात वर गेला, कानापर्यंत पोचला, आणि तिथेच राहिला. आजोबा समोरच्या वहीत वेळ लिहीत होता, त्याचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. उठायला हवं होतं. नाही उठले. वाटलं, एक मिनिट ऐकू, ठीक आहे ना एवढं कळू दे.

ती जे बोलली ते मी तीन महिन्यांत एकदाही ऐकलं नव्हतं. दुपारी ती डबा घेऊन भूगोल विभागाच्या मागच्या जिन्यात बसते, कारण उपाहारगृहात एकटीने खाताना सगळे बघतात असं वाटतं. वर्गात तिचं नाव कुणाला माहीत नाही. घरी तिने सांगितलंय की विषय झेपत नाही. शुक्रवारी आई न्यायला येणार आहे, प्रवेश रद्द करण्याचा अर्ज भरून तयार आहे.

आजोबाने विचारायचं ते विचारलं, जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटतं का म्हणून. “नाही हो,” ती म्हणाली. “तसलं काही नाही. फक्त घरी जावंसं वाटतं.” मग म्हणाली, “एकाने जरी जाऊ नकोस म्हटलं ना, तर मी जाणार नाही.”

“कुणाला सांगून पाहिलंत? खोलीतल्या मैत्रिणीला?”

“ती फार चांगली आहे,” पाहुणी म्हणाली. “तिला सांगितलं तर लगेच थांब म्हणेल. ती सगळ्यालाच हो म्हणते. वर मला एखाद्या मंडळातही घालेल. पण मग ते मी मागून घेतल्यासारखं होईल. न सांगता कुणाला तरी वाटायला हवं ना, की ही जाऊ नये?”

तिने फोन ठेवला. आजोबाने माझ्याकडे पाहिलं, आणि माझं तोंड बघून त्याला कळायचं ते कळलं.

“ओळखीची होती?”

मी मान हलवली.

“आणि तू बसून राहिलीस.” तो ओरडला असता तर बरं झालं असतं. “उद्यापासून येऊ नकोस.”

“ते मरू दे रे! मी आता करू काय, ते सांग.”

“काही नाही,” तो म्हणाला. “तुला काही माहीतच नाही.”

संताप संताप झाला. काय माणूस आहे! पण जिना उतरताना लक्षात आलं, त्याचं खरं होतं. काल मी तिला सहज जरी म्हणाले असते, “अगं, तू आहेस म्हणून खोलीत यावंसं वाटतं,” तर काम झालं असतं. आणि ते खोटंही नव्हतं, देवाशप्पथ नव्हतं. तालीम लवकर संपली की मी धावत यायचे ते कुणासाठी? भिंतींना सांगायला? पण मी कधी म्हणाले नाही. आणि आता काहीही म्हटलं तरी ते ऐकून म्हटलेलं होणार. फुकट देता येत होतं तोवर दिलं नाही, आणि आता द्यायला गेले तर चोरीचा माल.

तरी मी गप्प बसणारी थोडीच. बुधवारी संध्याकाळी खोलीत शिरले तेव्हा ती कॉटवर कपड्यांच्या घड्या घालत होती. मी मनाशी शंभरदा घोकून आले होते. सहज बोलायचं, नेहमीसारखं. बूट भिरकावले आणि सुरू केलं, “ए पाहुणे, ऐक ना. नाट्यमंडळात पडद्यामागे माणसं कमी आहेत. ये की तू. सगळे जण दुपारी एकत्रच जेवतो आम्ही, मजा येते. उगाच त्या जिन्यात एकटी...”

थांबले. पण निघून गेलं होतं.

तिच्या हातातली घडी तशीच राहिली. “कुठल्या जिन्यात?” तिने विचारलं.

एरवी थापा मारण्यात माझा हात कुणी धरणार नाही, पण त्या वेळी मी भिरकावलेले बूट उचलून जागेवर ठेवायला लागले.

“तू होतीस तिथे? त्या फोनवर?”

“मी नुसती ऐकत होते. मला उठायचं होतं, अगदी शप्पथ, मी उठणारच...”

“किती ऐकलंस?”

“सगळं.” आणि मग मला रडूच फुटलं. “जाऊ नकोस ना गं! मला खरंच नको आहे तू जायला. त्या फोनमुळे नाही म्हणत मी. खरंच वाटतंय मला.”

ती रागावली नाही. खाली बसली, माझ्या पाठीवर हात ठेवला. तिने माझी समजूत काढायची, म्हणजे काय म्हणावं!

“वाटत असेल,” ती म्हणाली. “पण आता कसं कळणार? मला नाही कळणार, आणि तुलाही नाही कळणार.” मग म्हणाली, “आणि तिकडेही आता फोन करता येणार नाही मला. तेवढं एकच होतं.”

मी कितीतरी बोलले त्यानंतर. हातापाया पडले, चिडले, गप्प बसले, परत बोलले. वादविवादात मला बक्षीस मिळालंय म्हणे! एकेक वाक्य तोंडातून बाहेर पडायच्या आतच खोटं वाटायला लागायचं. ती शांतपणे ऐकून घ्यायची आणि “हो गं” म्हणायची.

शुक्रवारी सकाळी अकराला तिची आई आली. उंच, घामेजलेली, हातात मोठी कापडी पिशवी. दारातच माझे दोन्ही हात धरले.

“तूच ना ती? अगं, किती ऐकलंय तुझ्याबद्दल! दर रविवारी फोनवर हिचं तुझंच पुराण. तुम्ही दोघी मिळून नाटक काय करता, डोंगर काय चढता. मी हिच्या बाबांना म्हणायचे, आपली मुलगी घरी तोंड उघडत नाही, पण तिथे जाऊन बघा कशी पाखरासारखी उडतेय!”

मी पाहुणीकडे बघितलं. ती पाठमोरी, कॉटवर गुडघा टेकून बॅगेची चेन ओढत होती. चेन कधीच लागली होती, तरी ओढत होती.

“तुझा पाय मुरगळला होता ना डोंगरावर?” काकू म्हणाल्या. “आणि हिने तुला धरून खाली आणलं. आता बरा आहे ना पाय?”

मला गिर्यारोहणातल्या दोन मुलांनी धरून आणलं होतं. पाहुणीने खोलीत फक्त पट्टी बांधली होती, आणि सगळी हकीकत ऐकून घेतली होती.

“हो काकू,” मी म्हणाले. “हिनेच आणलं. ही नसती तर बसले असते तिथेच रडत.”

“आणि तुमच्या त्या अध्यक्षाला उचकी लागली, तेव्हा ही पाणी घेऊन धावली म्हणे!”

“धावली ना. सगळे हसत बसले, ही एकटी धावली.”

काकू हसल्या, मग त्यांचे डोळे भरून आले. पदराने पुसले आणि मला जवळ ओढून हळूच, पण पाहुणीला सहज ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “मग तूच सांग ना हिला. एवढी जिवाभावाची माणसं मिळालीत, ती काय विषयापायी सोडायची? आमचं ऐकत नाही. तू थांब म्हटलंस तर थांबेल ती.”

पाहुणीचा हात चेनवर थांबला. ती वळली आणि माझ्याकडे बघत राहिली. डोंगर, नाटक, ती उचकी, सगळं माझ्या हातात होतं. मी थांब म्हटलं आणि तरीही ती निघाली, तर काकू विचारणार, मग ही जातेय तरी का, आणि या पोरीचं तीन महिन्यांचं सुख त्यांच्यासमोर उघडं पडणार. आणि थांब नाही म्हटलं तर ती नक्कीच जाणार. मला दोन्हीही नको होतं. माझ्या आयुष्यात कुणी काही करायला सांगितलं आणि मी नाही म्हटलं, असं कधी झालं नव्हतं.

“विषयच झेपत नसेल तर काय करणार, काकू?” मी म्हणाले.

पाहुणीने बॅग उचलली. निघताना तिने मला मान हलवून दाखवली. सुटल्यासारखं वाटून हलवली, की आईसमोर मी एकदाही थांब म्हटलं नाही याचं वाईट वाटून, ते मला अजून कळलेलं नाही.