धुतलेली अंडी

अर्जाच्या तिसऱ्या रकान्यात माझ्या मुलानं लिहिलं होतं, ‘अनुभव : चाळीस वर्षे’. अर्जदार म्हणून नाव त्याचं. वय अडतीस.

मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं आणि कागद सुनेपुढे धरला. ती भाजी निवडत होती. वाचता वाचता तिनं ओठ आवळले.

“अहो,” तिनं आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली, “जन्माच्या दोन वर्षं आधीपासून कोंबड्या पाळताय वाटतं?”

तो बाहेर आला. “घरातला सगळा अनुभव एकत्र लिहायचा असतो तिथं.”

“मग नावही घरातलंच लिही. ज्याचा अनुभव, त्याचं,” मी म्हणाले.

“आई, तू बहात्तर वर्षांची. उद्या तपासणीला कोण उभं राहणार? कचेरीच्या पायऱ्या कोण चढणार? नाव कुणाचं का असेना, कोंबड्या आपल्याच ना?”

नाव कुणाचं का असेना, हे ज्याचं नाव लागलेलं असतं तोच म्हणतो. मी कागदाची घडी घातली. आमच्या घरात राग आला की आवाज चढत नाही, तोंड मिटतं. माझे सासरे असेच होते, नवरा तसाच होता, आणि चाळीस वर्षांत मीही त्यांच्यासारखीच झाले.

चाळीस वर्षं म्हणजे किती, ते मला ठाऊक आहे. माझा नवरा कारखान्यात फिटर होता. एका संध्याकाळी तो बुटांच्या खोक्यातून सहा पिल्लं घेऊन आला. का आणली, तर बाजारात एक माणूस विकत होता आणि त्याला नाही म्हणवेना. एक पिल्लू रात्रीत गेलं. उरलेली पाच मी स्वयंपाकघरात दिव्याखाली वाढवली. कारखान्याच्या यंत्रांची लाकडी खोकी फोडून त्यातून मागच्या अंगणात खुराडं उभं केलं, ते मी. नवऱ्यानं फक्त बिजागऱ्या लावल्या, त्यातली एक उलटी. मुंगसासारखं काहीतरी घुसून एका पहाटे नऊ कोंबड्या मारून गेलं, तेव्हा जाळी जमिनीत हातभर खोल पुरायची असते हे मी शिकले. खुडूक बसलेली कोंबडी कशी उठवायची, आजारी कोंबडी डोळे मिटण्याआधी मान कशी धरते, हे मला कुणी सांगितलं नाही. मी बघत गेले. बोडकी, मास्तरीण, लंगडी, चोरटी, एकेकीचा स्वभाव मला अजून आठवतो. माणसांची नावं विसरते हल्ली, यांची नाही.

माझ्या मुलाला त्या काळात कोंबड्यांची लाज वाटायची. शाळेत त्याला ‘अंडं’ म्हणत. बारा वर्षांचा असताना त्याचे मित्र घरी यायचे होते, तर त्यानं रडून रडून मला खुराड्यावर चादर टाकायला लावली. टाकली. मित्र बसले, खाणंपिणं झालं, आणि चादरीखालून कोंबडा असा काही आरवला की सगळी पोरं मागच्या दारात जमली. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का? पण तेव्हा मला त्याची दया आली होती.

गेल्या वर्षी त्याचं ऑफिस बंद झालं. सहा महिने घरी बसला, आणि तेव्हा पहिल्यांदा त्याच्या लक्षात आलं की मागच्या फाटकाशी रोज सकाळी माणसं येतात, रिकामे डबे घेऊन उभी राहतात आणि हसत जातात. इतकी वर्षं ज्याला तो घाण म्हणायचा, त्याला आता ‘संधी’ म्हणायला लागला.

ते वाईट नव्हतं, असं मी आजही म्हणते. नियमही बदलले होते. घरापुरत्या कोंबड्यांना कुणी काही म्हणत नव्हतं, पण दुकानांना अंडी द्यायची तर नोंदणी हवी, परवाना हवा. तीस वर्षं आमच्याकडून अंडी घेणारा बेकरीवाला येऊन सांगून गेला, “वहिनी, मला तंबी मिळालीय. कागद असेल त्याचाच माल घ्या म्हणतात. तुम्ही कागद करा. अर्जाची पोच दाखवली तरी मी आठवड्याला सहा ट्रे घेतो.” नवऱ्याचा जुना मित्र, म्हणून मी त्याची वहिनी.

मुलगा कामाला लागला. तेवढं श्रेय त्याला देते. शेड मोजली, फरशी घातली, दारात बूट बुडवायला औषधाचा ट्रे ठेवला, चाळीस तलंगा, म्हणजे अंड्यावर येऊ घातलेल्या तरण्या कोंबड्या, आणून तीन आठवडे वेगळ्या ठेवल्या. हे सगळं त्यानं वाचून केलं, बरोबर केलं. मला एक शब्द विचारून केलं नाही.

मग लेबल आलं. ‘आजीची अंडी’. त्यावर अंबाडा घातलेली, गुबगुबीत गालांची, दात दाखवून हसणारी एक म्हातारी. मी आयुष्यात अंबाडा घातलेला नाही, कोंबड्या केस ओढतात म्हणून मान उघडी राहील इतके बारीक कापते.

“ही कोण?” मी विचारलं.

“आजी.”

“कुणाची?”

“आई, ते चित्र आहे. लोकांना आवडतं.”

“मग अर्जावरही हिचंच नाव घाल. निदान हिला चाळीस वर्षांचा अनुभव असेल असं तरी वाटतं.”

सून हसली, तो नाही हसला. म्हणाला, “तू आता काही करू नकोस. खूप केलंस. आता नुसती बस आणि बघत राहा.”

आयत्या बिळावर नागोबा बसतो तेव्हा तोही बीळ खणणाऱ्याला असंच सांगत असेल, दमलीस, बस आता.

बसले. बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी भर उन्हाच्या वेळेला तो अंगणात स्टूल टाकून बसला. समोर नळाच्या गार पाण्याची बादली. नुकती गोळा केलेली, हाताला ऊब लागेल अशी अंडी एकेक करून पाण्यात बुडवायची, भांडी घासायच्या घासणीनं चोळायची, ट्रेमध्ये लावायची. माल दुकानात जायचा, स्वच्छ दिसला पाहिजे, हे त्याचं म्हणणं. पांढरीशुभ्र, चकचकीत दिसत होती. जाहिरातीतल्यासारखी.

मी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होते. कोंबडी अंडं घालते तेव्हा त्यावर एक ओलसर थर असतो, तो वाळला की अंड्याचं दार बंद होतं. तो घासून काढला की दार उघडं. त्यात उबदार अंडं गार पाण्यात टाकलं की ते आत ओढून घेतं, पाणी आणि पाण्यातलं सगळं. म्हणून मी कधी अंडं धुतलं नाही. कोरड्या गोणपाटाच्या तुकड्यानं पुसायचं, फारच घाणेरडं असेल तर ते त्याच दिवशी घरी खायचं. हे मला माहीत होतं. खिडकीपासून स्टुलापर्यंत आठ पावलं होती. एक हाक पुरली असती.

मी हाक मारली नाही. बघत राहा म्हणालास ना, मग बघते. हे मी मनात म्हटलं, शब्दन्‌शब्द. एकदा नाही, रोज दुपारी, आठवडाभर म्हटलं. सहा ट्रे बेकरीत गेले, तेव्हा मी फक्त दार लावायला उठले.

दहा दिवसांनी मुलाला बेकरीवाल्याचा फोन आला, अंडी सडकी निघाली म्हणून. मुलगा उभा राहून ऐकत होता, कान लाल झाले होते.

“नाही काका… हो काका… काय आहे, आईच्या जुन्या कोंबड्या आहेत ना अजून. म्हाताऱ्या झाल्यात त्या. तिला किती वेळा सांगितलं काढून टाकू, ती ऐकत नाही.”

त्यानं फोन ठेवताच मी बोलले. आवाज चढला, या घरात पहिल्यांदा.

“माझ्या कोंबड्यांवर ढकलू नकोस! म्हातारी कोंबडी अंडी कमी घालते, सडकी घालत नाही. तू धुतलीस ती अंडी. ऊन ऊन अंडी गार पाण्यात घातलीस आणि घासणीनं सोललीस. या उन्हाळ्यात ती टिकतील कशी?”

तो माझ्याकडे बघत राहिला. राग नव्हता त्याच्या तोंडावर, ते मला जास्त लागलं.

“तुला माहीत होतं?”

सून दारात येऊन थांबली होती. “आई,” ती हळू म्हणाली, “तुम्ही तर रोज खिडकीत उभ्या असायच्या.”

“मला बघत राहा म्हणाला होता.”

“असं म्हणालो म्हणून…” तो म्हणाला आणि मागच्या दारानं अंगणात गेला. मी खिडकी लावून घेतली.

दोन दिवस कुणी कुणाशी बोललं नाही. तिसऱ्या दिवशी सुनेनं जेवणाच्या टेबलावर कोरा अर्ज ठेवला. “मी चौकशी केलीय. तपासणी व्हायच्या आत अर्ज बदलता येतो,” ती म्हणाली. “नाव कुणाचं घालायचं ते आत्ता, माझ्यासमोर ठरवा. या घरात तोंडं मिटून काय होतं ते बघितलं मी. वास येतो.”

मुलानं पेन उचललं आणि माझं नाव लिहिलं. रकान्यात भरलं, ‘चाळीस वर्षे’. मग माझ्याकडे न बघता विचारलं, “आणखी काय काय आहे, जे मी चुकीचं करतोय?”

“दाणापाण्याची भांडी उन्हात ठेवतोस. अंडी घालायच्या खोबण्यांत भुसा कमी टाकतोस, म्हणून अंडी घाण होतात, म्हणून तुला धुवावीशी वाटतात. शिवाय कोंबड्यांशी बोलत नाहीस.”

“ते पण नियमात आहे?”

“माझ्या आहे.”

तपासणीला आलेल्या बाईंनी अंडी धुता का असं विचारलं, तेव्हा तो माझ्याआधीच ‘नाही’ म्हणाला आणि का नाही तेही सांगितलं, जसंच्या तसं, माझ्या शब्दांत. परवाना आला. माझं नाव, शिक्का, क्रमांक. जे हवं होतं ते हातात आलं, आणि मी पहिला ट्रे घेऊन स्वतः बेकरीत गेले.

बेकरीवाला टेबलामागे पीठ चाळत होता. मी कागद दाखवला. मग सांगितलं, आधी पोराची चूक, मग माझी. खिडकीचं सगळं. त्यानं हात पुसले.

“वहिनी, त्या दिवशी चाळीस केकचं पीठ फेकलं मी. लग्नाची ऑर्डर होती. दुसऱ्यांची अंडी आम्ही आधी वाटीत फोडतो, बघतो, मग पिठात घालतो. तुमची तीस वर्षांत कधी वाटीत फोडली नाहीत. थेट पिठात.”

“आता धुवत नाही,” मी म्हणाले. “परवाना आहे.”

“दिसतोय ना. चांगलं झालं.” त्यानं ट्रे ठेवून घेतला. “बसा, चहा घ्या.”

मी बसले नाही. त्यानं फळीवरून एक स्टीलची वाटी काढली, कडेवर अंडं टिचकवलं, वाटीत सोडलं, वास घेतला, पिठात ओतलं. मग दुसरं. ताजं होतं, पिवळं कसं वर उभं राहत होतं. तरी त्यानं वास घेतला. तिसरं. पोरावरचा माझा राग कधीच निवला होता. हा राग दुसऱ्याच कुणावर होता, खिडकीत उभ्या राहिलेल्या बाईवर, आणि तिला चहा पाजून घरी पाठवता येत नव्हतं. तीसच्या तीस अंडी वाटीत फुटेपर्यंत मी तिथं उभी राहिले.